आकडा नको, नाव हवं

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे ‘ऑस्ट्रेलियातली सक्तीची सैन्यभरती आणि दोन सार्वमतं’. त्याकडे येतोच. पण आधी जिम मार्टिनबद्दल बोलू द्या, त्याच्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

मेलबर्नच्या हॉथॉर्न भागातला हा मुलगा. जन्म जानेवारी १९०१चा. पहिलं महायुद्ध चालू होतं. वडील लष्करात जायला निघाले, त्यांना नाकारलं. मग हा म्हणाला, मी जातो. घरच्यांनी विरोध केला, तर म्हणे दुसऱ्याच नावानं भरती होईन आणि पत्रसुद्धा पाठवणार नाही! इथे चौदा वर्षांच्या मुलांचे आईबाप किती आहेत? बरेच हात वर झाले. म्हणजे हा हट्ट काय असतो, ते मी सांगायला नको. घरच्यांनी होकार दिला. खऱ्या नावानं गेला तर निदान खबर तरी येईल, असा विचार त्यांनी केला असावा. एप्रिल १९१५मध्ये त्यानं वय अठरा सांगितलं आणि तो एकविसाव्या बटालियनचा शिपाई झाला.

तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रणभूमीवर पोचण्याआधीच, २ सप्टेंबरला, त्याचं ‘साउथलँड’ जहाज टॉर्पेडोनं फोडलं. तो कित्येक तास पाण्यात होता, तरी पुढे गेलाच. मग खंदक, माश्या, सडलेली प्रेतं, घाण पाणी. तिथे गोळीइतकीच माणसं आजारानंही खचत होती. ऑक्टोबरमध्ये घरी लिहिलं, काळजी करू नका, मी मजेत आहे. घरून मात्र त्याला एकही पत्र पोचलेलं नव्हतं. २५ ऑक्टोबरला विषमज्वरानं हॉस्पिटल जहाजावर तो गेला. वय चौदा वर्षं नऊ महिने. दफन समुद्रात झालं. जहाजावरच्या मेट्रननं त्याच्या आईला पत्र लिहून शेवट कसा झाला ते कळवलं. गॅलिपोलीतल्या लोन पाइनच्या स्मारकावर त्याचं नाव आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर सार्वमतं. ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७, दोन्ही वेळा जनतेनं सक्ती नाकारली. आणि तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत १९०२पासून मत होतं. माझं म्हणणं एवढंच, की जिथे शिपायाच्या आईला मत असतं तिथे सरकारला तिला उत्तर द्यावं लागतं. सरकारबाहेरही, ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसच्या व्हेरा डीकिन यांच्या कचेरीनं, घरच्यांना खबर देता यावी म्हणून, बेपत्ता सैनिकांच्या सोबत्यांना गाठून जबान्या घेतल्या, सुमारे बत्तीस हजार माणसांच्या फायली झाल्या.

आता आपल्याकडे पाहा. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी त्याच युद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होत्या. तिथल्याच बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. या भेदाबद्दल ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं माफी मागितली ती २०२१ साली! आपल्या गावागावांतल्या संगमरवरी पाट्यांवरही इतके युद्धावर गेले, इतके मेले, एवढंच.

पण त्या युद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. कुणाच्या घरी असं पदक असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, मी ते नाव लिहून घेतो.