दूरशिक्षण : पहिला स्वाध्याय पाठवेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

दूरशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्यांची कारणं भक्कम असतात. कुणाची बढती अडलेली असते, कुणाची पदवी अर्धवट राहिलेली. तरीही बरेच जण पहिल्या काही महिन्यांतच मागे पडतात. अर्ज भरायला लावणारी उमेद दिवसभर राबून आल्यावर पुस्तक उघडायला पुरत नाही. तिथं सवय आणि कुणाचीतरी दाद लागते.

1840 मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन टपालानं लघुलेखन शिकवू लागले. विद्यार्थी पाठ लिहून पाठवत आणि तो दुरुस्त होऊन परत येई. साधनं बदलली, पण दूरशिक्षणाचा कणा आजही तोच आहे. अभ्यासक मायकेल मूर यांनी तर दूरशिक्षणातलं खरं अंतर मैलांचं नसून संवादाचं असतं, असंच मांडलं.

म्हणून माझा आग्रह पहिल्या स्वाध्यायाचा. सगळं पुस्तक संपल्यावर लिहू, असं म्हणणाऱ्यांचा तो बहुधा राहूनच जातो. आधी प्रश्न वाचा, मग घटकाची उद्दिष्टं आणि मग नेमका लागणारा भाग. कच्चं उत्तर त्याच बैठकीत उतरवा. अपुरं वाटलं तरी मुदतीत पाठवा. शेरे आल्याशिवाय आपण कुठे चुकतो ते कळणार कसं?

रविवारी सहा तास बसू, हा बेत फसतो. रविवारी पाहुणे येतात, घरची कामं निघतात आणि आठवडाच कोरा जातो. त्यापेक्षा आठवड्यात चार दिवस, ठरल्या वेळी पाऊण तास बसा. पहिली पाच मिनिटं पुस्तक मिटून मागचे मुद्दे आठवून लिहा. नुसतं पुन्हा वाचलं की सगळं येतंय असा भास होतो.

शंका विचारताना ‘काही कळलं नाही’ एवढंच लिहू नका. पान, परिच्छेद, आपल्याला काय समजलं आणि गाडी कुठे अडली, हे चार ओळींत कळवा. शिक्षकांना नेमकं उत्तर देता येतं.

आणि मागे पडलात तर? इथे संकोच घात करतो. एक घटक राहिला म्हणून विद्यार्थी शिक्षकांना टाळतो, आणि बोलणं तुटलं की अभ्यासही सुटतो. राहिलेलं सगळं एकदम भरून काढू नका. चालू स्वाध्यायाला लागेल तेवढाच मागचा भाग वाचा. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी मागा. नियमात बसत असेल तर पुढच्या सत्रात एक विषय कमी घ्या.

नमस्कार.