वांधा, गोल्टी आणि ‘काय भो!’

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ‘नाशिकच्या बोलीवर दोन शब्द’ सांगितलेत. दोनात भागणार नाही, पण चार-पाचांवर थांबतो.

नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणाला की बाहेरच्याला वाटतं, स्वारी काशीला निघाली. निघालेली असते रामकुंडाकडे, फार तर भाजी आणायला. गोदावरी हे नाव पुस्तकात; घरात ती गंगाच. पुराचं मापही घरचंच. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण फोनवर विचारणा होते ती नदीतल्या मारुतीच्या मूर्तीवरून, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गुडघ्यापर्यंत असेल तर लोक पूर बघायला जातात. छातीला लागलं की घाटालगतचे दुकानदार माल हलवायला घेतात.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र ‘वांधा’. ‘आपला काय वांधा नाय’ हे सगळेच म्हणतात. पण जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला विचारा, त्याने या शब्दाची किंमत रोख मोजलेली असते. लासलगावला किंवा पिंपळगावला ट्रॉलीतला वरवरचा कांदा बघून लिलाव होतो, भाव पुकारला जातो. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. खालून गोल्टी निघाली, म्हणजे बारका कांदा, किंवा माल ओला निघाला, की व्यापारी म्हणतो, ‘या भावात नाही बसत.’ झाला वांधा! कधी तो खरा असतो, कधी उगाच काढलेला. कारण ओतलेला कांदा पुन्हा भरून शेतकरी नेणार कुठे? हे मिटवायला बाजार समितीत चक्क ‘वांधा समिती’ असते. नाक्यावरचा वाटणारा शब्द असा शिक्क्यानिशी कागदावर बघितला की मला भलताच आनंद होतो.

राहता राहिला ‘भो’. म्हणजे भाऊच, पण खानदेशी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या मंडळींबरोबर तो नाशिकच्या सिडको वसाहतीत उतरला आणि तिथलाच झाला. ‘चल ना भो’ ही विनवणी, ‘काय भो!’ हे आश्चर्य, आणि नुसताच लांबवलेला ‘भोऽऽ’ म्हणजे आता पुरे. सगळा खेळ सुरावर. जावयाने सासऱ्यांना म्हणू नये, एवढंच पथ्य. मागच्या रांगेतले सिडकोवाले हसतायत, म्हणजे कुणीतरी म्हणून बसलेलं दिसतंय!