नऊवारीच्या घडीतला कागद

नमस्कार श्रोतेहो. लहानपणी हृदयाला भोक होतं म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्याशी आज बोलायचंय. आधीच सांगते, ऑपरेशनचे जुने कागद टाकू नका.

लालबागच्या एक बाई आल्या होत्या. वय ४६. सातव्या वर्षी भोक बुजवलेलं, त्यानंतर हृदयाची तपासणी नाही. मधूनच धडधड सुरू व्हायची. दोन ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण झाली. बाईमाणसाची धडधड म्हणजे टेन्शन, हे ऐकलं की मला फार राग येतो. अहो, निदान ईसीजी तरी काढा!

मी नाडी धरली. १५०. पाणी दिलं, दहा मिनिटं पडून राहायला सांगितलं. तरी १५०. घाबरल्याची नाडी निवल्यावर उतरते, ही जागची हलेना. ईसीजीत उलगडा झाला : वरचे कप्पे मिनिटाला ३०० वेळा फडफडत होते आणि एकाआड एक ठोका खाली उतरत होता.

हृदय शिवतात तिथे व्रण उरतो. ठोके चालवणाऱ्या विजेला त्यातून वाट नाही, मग ती व्रणाभोवती गोल गोल फिरत बसते. म्हणून चीर कुठे दिली होती, हे कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. पिशवीत नऊवारी, नऊवारीच्या घडीत पिवळा पडलेला कागद. चाळ पाडायला घेतली तेव्हा ट्रंक भंगारात गेली, कागद मात्र तिने काढून घेतला. “लेकीचं काळीज उघडलं होतं, टाकवेना,” म्हणाली. (रिडेव्हलपमेंटच्या घाईत मुंबईकरांनी काय काय भंगारात घातलंय!) चीर उजव्या वरच्या कप्प्यावर, भोकाला हृदयावरच्याच आवरणाचं ठिगळ. सगळं टाइप केलेलं.

जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेल्या. पडद्यावर विजेच्या वाटेचा रंगीत नकाशा उमटला. व्रण आणि खालून येणाऱ्या मोठ्या शिरेचं तोंड, यांच्यामधून एक चिंचोळी वाट होती. ती बंद करायला तिथे नळीच्या टोकाने एकाला लागून एक चटके दिले. १५०, १५०... आणि एकदम ७४!

काहींना हे पुन्हा करावं लागतं, गुंतागुंतीच्या ऑपरेशनांनंतर जास्तच. म्हणून परत सांगते, तपासणी सोडू नका, कागद टाकू नका.

बाहेर आईला सांगितलं, लेक बरी आहे. तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

“माझा कागद?”

झेरॉक्स फायलीला लावली होती. मूळ कागद तिला परत दिला, सोबत नवा रिपोर्टही. दोन्ही एकाच घडीत गेले.