१२० पिक्सेलांतली लढाई

[दृश्य: स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातली खेळांची यादी संथपणे वर सरकते आहे. चौकटी येतात आणि जातात.]

या यादीतील प्रत्येक चौकटीमागे कोणाची तरी काही वर्षे खर्ची पडली आहेत. कोणी शत्रूच्या एका उडीसाठी आठवडा घालवला, कोणी तलवारीच्या वाराचा आवाज मनासारखा होईपर्यंत पुनःपुन्हा बदलला. यादी चाळणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते एक लहानसे चित्र आणि त्यावरचे नाव, आणि थांबायचे की पुढे जायचे हे तो तेवढ्यावरून ठरवतो. या चित्राला स्टीमवर कॅप्सूल म्हणतात. एकट्यादुकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून बनवलेल्या ॲक्शन गेमसाठी अशी कॅप्सूल कशी घडवावी, ते आपण पाहणार आहोत.

[दृश्य: चित्रकाराच्या पडद्यावर वेगवेगळ्या मापांच्या रिकाम्या चौकटी.]

एक देखणे चित्र काढून घेतले की तेच कापून सगळीकडे वापरता येईल, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६ पिक्सेलांची लागते, उभी कॅप्सूल ७४८ बाय ८९६ ची, आणि खेळ विकत घेतल्यावर खेळाडूच्या संग्रहात दिसणारी आणखी एक उभी प्रतिमा ६०० बाय ९०० ची. छोटी कॅप्सूल ४६२ बाय १७४ पिक्सेलांची द्यायची असते, म्हणजे तिची रुंदी उंचीच्या अडीच पटींहून अधिक असते. आणि याद्यांमध्ये दाखवताना स्टीम तिला आणखी लहान करत १२० बाय ४५ पिक्सेलांपर्यंत आणते. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या जागेत जे उरते, त्याच्यावरूनच अनोळखी खेळाडूची आणि खेळाची पहिली भेट होते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की कामाची सुरुवात याच मापापासून करावी आणि मोठे चित्र त्यातून वाढवत न्यावे.

समजा, आपल्या खेळाची नायिका एक लोहारीण आहे. ढासळत्या खाणीत ती अडकली आहे, आणि साखळीला बांधलेला घण गरगरा फिरवत, वाटेत येणाऱ्या दगडी राक्षसांना फोडत ती वर चढते आहे.

[दृश्य: पहिले रंगवलेले चित्र. मग तेच चित्र १२० पिक्सेल रुंदीचे.]

पहिल्या चित्रात सगळे काही आहे: लोहारीण, सहा राक्षस, कोसळणारे खांब, ठिणग्या, धूर आणि वर गंजलेल्या लोखंडासारखी अक्षरे. मोठ्या पडद्यावर ते खरोखर सुंदर दिसते. लहान केल्यावर मात्र तपकिरी रंगाचा एक डाग उरतो, आणि त्या डागात घण कुठे आहे हे चित्रकारालाही बोट ठेवून दाखवता येत नाही. यात रंगवणाऱ्या हाताचा दोष नाही. काय वगळायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

[दृश्य: कोऱ्या चौकटीत काळ्या रंगाने भरलेल्या छायाकृती. कॅमेरा जवळ जातो.]

दुसऱ्या खेपेला चित्रकार रंगांना हात लावत नाही. काळ्या छायाकृतींचे दहाबारा लहान नमुने तो एकाच पानावर काढतो. यातले दोन जवळून पाहू. पहिल्यात घण राक्षसाच्या डोक्यावर आदळला आहे, त्यामुळे घण, डोके आणि ठिणग्या मिळून एकच गोळा झाला आहे. दुसऱ्यात घण अजून मागे, उंच हवेत आहे. साखळी धनुष्यासारखी ताणली आहे, पाय रोवलेले आहेत, कंबर वळली आहे, आणि दंड व बरगड्या यांच्यामधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. ती फट चारदोन पिक्सेलांचीच असेल, पण तिच्यामुळे हात हातासारखा दिसतो. शिवाय आदळलेला घण ही होऊन गेलेली घटना असते, तर उगारलेला घण पाहणाऱ्याच्या मनात आपोआप खाली येतो. ॲक्शन गेमच्या चित्राने नेमका हाच क्षण पकडावा.

राक्षस आता एकच आहे, आणि तोही अर्धा चौकटीबाहेर. चेहऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न अवघड आहे. चेहऱ्याकडे नजर सर्वांत आधी जाते हे खरे. तरी एवढ्याशा जागेत चेहरा आणि शस्त्र दोन्ही नीट मावत नसतील, तर जिच्या लढण्याच्या पद्धतीसाठी हा खेळ खेळायचा आहे, तिचे शस्त्र निवडावे असे मला वाटते. चेहऱ्याला उभ्या कॅप्सूलमध्ये जागा मिळतेच.

[दृश्य: चित्र राखाडी छटांत, मग त्यात रंग उतरतात.]

रंग देण्याआधी चित्र राखाडी करून, डोळे बारीक करून पाहावे. उजेड आणि अंधार यांतूनच आकृती उठून येत नसेल, तर पुढे कितीही भडक रंग दिले तरी ती उठणार नाही. इथे आणखी एक अडचण आहे. स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी गडद निळसर आहे आणि आपला खेळ खाणीत घडतो. काळोख्या कडांचे चित्र त्या पानात विरून जाते. म्हणून चित्रकाराने लोहारणीच्या मागे भट्टी पेटवली. मग त्याच प्रकारच्या इतर खेळांच्या यादीत आपले चित्र ठेवून पाहिल्यावर शेजारच्या चौकटी लालकाळ्या आणि नारिंगी निघाल्या, तेव्हा भट्टीचा उजेड नारिंगीवरून गंधकासारख्या पिवळ्यावर गेला.

छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालेल. अक्षरांवरचे ओरखडे, गंज, ओघळ यांचा तिथे चिखल होतो. अक्षर जाड आणि मोकळे असावे. नावाखेरीज दुसरा मजकूर घालण्याचा मोह आता नियमानेच मिटला आहे: १ सप्टेंबर २०२२ पासून परीक्षणांचे गुण, पुरस्कार किंवा सवलतीची जाहिरात कॅप्सूलवर लिहिण्यास स्टीमने मनाई केली आहे.

[दृश्य: डावीकडे कॅप्सूल, उजवीकडे खेळाचे स्क्रीनशॉट.]

१९७७ साली बाजारात आलेल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या अटारी २६०० या यंत्राच्या खेळांच्या खोक्यांवर भव्य चित्रे असत आणि आत पडद्यावर मोजके ठोकळे हलत. उरलेले खेळणाऱ्याने कल्पनेने भरून घ्यायचे असे. आज कॅप्सूलच्या पाठोपाठ ट्रेलर आणि किमान पाच स्क्रीनशॉट समोर येतात, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्यक्ष खेळच दिसला पाहिजे असा नियम आहे. खेळ पिक्सेल आर्टमधला, म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा असला म्हणून कॅप्सूलही तशीच हवी असे नाही. पण घण तोच, राक्षस तोच, पिवळा उजेड तोच असला पाहिजे. कॅप्सूल पाहून आत आलेल्या माणसाला आपण भलत्याच जागी आलो असे वाटले, तर तो लगेच परत जातो, आणि त्याचे ते परत जाणे योग्यच असते.

[दृश्य: चित्राचे थर एकेक करून बाजूला होतात.]

याच कारणाने चित्रकाराला विशेषणे लिहून पाठवण्यापेक्षा खेळाची दहा सेकंदांची चित्रफीत पाठवावी. चित्र सुट्या थरांत मागून घ्यावे: लोहारीण वेगळी, घण वेगळा, राक्षस, भट्टी आणि नाव वेगळे. संग्रहाच्या पानावर लागणारे ३८४० बाय १२४० पिक्सेलांचे रुंद चित्र मजकुराविनाच द्यावे लागते आणि नाव पारदर्शक पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे चढवावे लागते. थर नसतील तर ते काम पुन्हा मुळापासून करावे लागेल. चित्र कुठेकुठे वापरण्याचा हक्क आपल्याला मिळतो आहे, तेही आधीच लेखी ठरवावे.

[दृश्य: भेटींचा आलेख. त्यावर एका दिवशी उभी रेघ.]

चित्र किती वेळा दिसले आणि त्यावर किती जणांनी क्लिक केले, याची आकडेवारी स्टीम खेळाच्या निर्मात्याला दाखवते. जुन्या कॅप्सूलच्या जागी नवी लावली की ती तारीख लिहून ठेवावी आणि काही आठवडे दुसरे काहीही बदलू नये. त्याच दिवसांत सवलत सुरू झाली किंवा नवा ट्रेलर आला, तर वाढलेले क्लिक लोहारणीच्या घणामुळे आले की त्या सवलतीमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

[दृश्य: पुन्हा तीच यादी. १२० बाय ४५ च्या चौकटीत पिवळा उजेड आणि उगारलेला घण.]