विषाच्या पेल्याआधीचा सॉक्रेटिस

नमस्कार मंडळी! सॉक्रेटिस म्हटलं की आपल्याला थेट विषाचा पेलाच आठवतो. पण माझ्या मते त्याचा खरा कस त्याआधी दोनदा लागला. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलू.

इसवी सनपूर्व ४०६. आर्गिनुसाय बेटांजवळ सॉक्रेटिसच्या अथेन्स शहराच्या आरमाराने शत्रू स्पार्टाला हरवलं. पण लढाईनंतर वादळ आलं आणि फुटलेल्या जहाजांवरची आपलीच माणसं वाचवता आली नाहीत. शहर असं खवळलं की जिंकलेल्या सेनापतींवरच खटला भरला, आणि तोही एकेकावर वेगळा नाही. एकाच मतदानात सगळ्यांचा निकाल! हे कायद्यात बसत नव्हतं.

त्या वर्षी सॉक्रेटिस ५०० जणांच्या मंडळावर होता, चिठ्ठ्या टाकून निवडलेला. ठराव मतदानाला टाकायचा की नाही, हे तेव्हा त्याच्या गटाच्या हातात होतं. जमाव ओरडू लागला, जनतेला हवं ते करू देत नाही म्हणजे काय! आडवे येणाऱ्यांनाही त्याच खटल्यात ओढायची धमकी आली. बाकीचे नमले, सॉक्रेटिस नमला नाही. उपयोग शून्य, सहा सेनापती मारले गेले. नंतर अथेन्सला पस्तावा झाला, पण ती नंतरची गोष्ट. आणि हो, ही लोकशाही होती बरं का, हुकूमशाही नव्हे.

हुकूमशाही आली दोन वर्षांनी. स्पार्टाने युद्ध जिंकलं आणि अथेन्सवर तीस जणांची राजवट बसली. त्यांनी सॉक्रेटिससह पाच जणांना हुकूम दिला, सलामिस बेटावरून लिओन नावाच्या माणसाला पकडून आणा, त्याला मारायचंय. पापात जितके जास्त लोक भागीदार, तितकी सत्ता सुरक्षित, असा हिशोब. चौघे सलामिसला गेले. सॉक्रेटिस सरळ घरी गेला.

इथे मला एक गोष्ट खटकते. तो घरी गेला, पण लिओनला सावध केल्याचं तो कुठेच सांगत नाही. लिओन मारला गेलाच. सॉक्रेटिस म्हणायचा, माझ्या आत एक आवाज आहे, तो मला फक्त अडवतो, अमुक कर असं कधीच सांगत नाही. त्याची सदसद्विवेकबुद्धी ही अशी. माझ्या हातून अन्याय होणार नाही, एवढंच ती बजावते. हे पुरेसं आहे का? मला नाही वाटत. पण त्या दिवशी तेवढंही बाकी चौघांना जमलं नव्हतं.

आता इसवी सनपूर्व ३९९ चा खटला. आरोप: शहराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो. त्याचा शिष्य प्लेटो याच्या सांगण्यानुसार फक्त ३० मतं फिरली असती तर तो सुटला असता. प्रश्न विचारणं थांबवायच्या अटीवर सोडलंत तरी मी ऐकणार नाही, असं त्याने कोर्टाला बजावलं. पण तुरुंगात त्याचा मित्र क्रिटो पळून जायची सगळी व्यवस्था घेऊन आला, तेव्हा हाच माणूस म्हणतो, नाही, कायदा मोडणार नाही!

अनेकांना ही विसंगती वाटते. मला नाही वाटत. चुकीचं काम करायला नकार द्यायचा, आणि त्या नकाराची शिक्षा चुकवायची नाही. दोन्ही एकाच हट्टातून येतं.

हा हट्ट पुढे कुणी उचलला असेल? गांधींनी. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचा सारांश गुजरातीत छापला. १९१० मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली, सोबत ‘हिंद स्वराज’वरही. पुढे रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात, ६ एप्रिल १९१९ ला, गांधींनी मुंबईत बंदी असलेली पुस्तकं उघड विकायला घेतली. विकत घ्याल तर तुरुंगात जाल, असं गिऱ्हाइकांना आधीच सांगून! पण सरकारने कुणालाच पकडलं नाही. म्हणे, बंदी जुन्या आवृत्तीवर आहे, ही नवी आवृत्ती. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय, हे ऐकून सगळ्यांची निराशा झाली.