वांदररोटी

(दृश्य: गच्चीवरची कुंडी. मे महिना. अंगठ्याएवढ्या जाडीचं करडं-हिरवं खोड. एकही पान नाही.)

ह्या कुंडीकडं बघून घरी आलेला प्रत्येक पाहुणा एकच सांगतो, "वाळलंय की हे, काढून टाका." मागच्या उन्हाळ्यात तर ती कचऱ्याच्या गाडीपर्यंत जाऊन आली. घंटा वाजली, घरातल्या कुणीतरी उचलली आणि मी जिन्यात आडवा गेलो म्हणून वाचली.

म्हणून शूटिंगला मुद्दाम मे महिन्यात सुरुवात केली. फुलं काय, कुणीही दाखवतं.

झाडाचं नाव वांदररोटी. शास्त्रीय नाव क्लेनिया ग्रँडिफ्लोरा. जुन्या पुस्तकांत शोधायचं असेल तर नोटोनिया ग्रँडिफ्लोरा. कूळ ॲस्टरचं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी भावकी, आणि पाऊस ओसरताना पठारं पिवळी करणारी सोनकी तर सख्खी चुलत बहीण. भारताचा दख्खनी भाग आणि श्रीलंका, एवढाच ह्याचा मुलूख.

आता ॲस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या हारवाल्याकडचं जांभळं-गुलाबी फूल. ते मूळचं चीनचं, आणि वर्षायू. बी पेरलं, फुललं, संपलं. अमेरिकेत मात्र तिथले खरे देशी ॲस्टर बहुवर्षायू आहेत. न्यू इंग्लंड ॲस्टर नावाचा एक जांभळा प्रकार थंडीच्या तोंडावर फुलतो, हिवाळ्यात जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि वसंतात तो खालून पुन्हा फुटतो. दक्षिणेकडं निघालेल्या मोनार्क फुलपाखरांना वाटेत मध मिळावा म्हणून तिकडचे लोक तो आवर्जून लावतात. खरं सांगायचं तर मीही त्याचं बी मागवायच्या बेतात होतो. पण तो देशी तिकडचा. इथं आणला की तोही परदेशीच.

(दृश्य: पन्हाळ्याच्या पायथ्याची वाडी. घरामागचा दगडी गडगा.)

वांदररोटी मला भेटली ती मावशीच्या गडग्यावर. दोन दगडांच्या फटीत, माती म्हणावी तर मूठभर. वर पावसाचा मारा एवढा, की चार महिने छपरावरचं शेवाळ वाळत नाही. तरी झाड खुशाल. मी एक फांदी तोडून आणली, मोठ्या मायेनं शेतातली काळी माती भरली, वर शेणखत, आणि जुलै महिन्यात रोज सकाळी पाणी. बाराव्या दिवशी खोड बोटानं दाबलं तर बुडाशी पिकलेल्या केळ्यासारखं आत गेलं. वासही आला.

मावशीला फोन केला तर ती हसायलाच लागली. "आरं, त्येला पानी कशाला घातलंस? त्याच्या पोटातच पानी हाय."

तिचंच बरोबर होतं. खोड आणि पान दोन्ही मांसल, पाणी साठवणारी. गडग्यावर पाऊस कितीही पडो, पाणी थांबत नाही, फटीतून निघून जातं. माझ्या कुंडीत ते थांबलं. आपली काळी माती उसाला सोनं असेल, हिला नाही.

(दृश्य: हात. कटर. वर्तमानपत्रावर ठेवलेली वीतभर फांदी.)

दुसऱ्या वेळी फांदी कापली आणि सावलीत तशीच ठेवून दिली. चार-पाच दिवसांत कापलेल्या तोंडावर खपली धरते. ती धरल्याशिवाय मातीत खोचायची नाही. कुंडीत निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, उरलेली माती, खत ओंजळभर. तळाचं भोक खापरीनं झाकायचं, बुजवायचं नाही. ऊन भरपूर. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, आणि पानं गळायला लागली की तेही जवळजवळ बंद.

एक सांगून ठेवतो. फांदी कुणाच्या तरी अंगणातली मागून घ्या. गडावरच्या कड्यातून उपटून आणू नका.

(दृश्य: दिवाळीच्या पुढंमागं. फुलाचा क्लोजअप.)

आता फूल. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, पाकळ्या गळाल्या काय? गळाल्या नाहीत, त्या नसतातच. झेंडू-सूर्यफुलाच्या कडेला दिसते ती एकेक पाकळीसुद्धा स्वतंत्र फूलच असतं. वांदररोटीत ती कडेची फुलं नाहीत, नुसती मधली आहेत. फिकट पिवळ्या, बारीक नळ्यांची एक जुडी. भिंग धरा. प्रत्येक नळीच्या तोंडातून स्त्रीकेसराची दोन टोकं बाहेर येऊन मागं वळलेली दिसतील. पुढं बी धरतं तेव्हा त्याला पांढरे रेशमी केस फुटतात आणि वाऱ्यावर म्हातारी उडते. आमच्या गल्लीतली पोरं ती पकडायला टपलेली असतात.

शोभेला शेवंती उजवी, ह्यात वाद नाही.

ह्या झाडाच्या वाट्याला थोडी प्रसिद्धीही येऊन गेली. दापोडीच्या बागेचे अधीक्षक राहिलेले आणि पुढं मुंबई इलाख्याचं वनखातं सांभाळलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1860 च्या सुमारास पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर हे गुणकारी असल्याचं सुचवलं. ते काही सिद्ध झालं नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणपाण्यानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. आणि नावात रोटी असली तरी पान चावून बघू नका.

(दृश्य: पुन्हा मे. तेच बोडकं खोड.)

घोळ सगळा एका शब्दाचा आहे. बहुवर्षायू म्हटलं की आपण बारमाही समजतो, बारा महिने हिरवं. इथं तसं नसतं. अमेरिकेतला ॲस्टर बर्फात झोपतो, आमचा उन्हात. खोडावर हे जे गोल वण दिसतायत, ती गेल्या पानांची जागा. खोड नखानं किंचित खरवडा. आत हिरवं आहे ना? मग राहू दे.

(दृश्य: जून. वळिवानंतरची गच्ची. शेंड्यावर तांदळाएवढा कोंब.)

मावशीचा फोन आला.

"फुटली काय रं?"

"फुटली."

"बरं झालं. आता कुंडी वळचणीला सरकव. मोठा पाऊस यायचाय."