आठ पौंडांची गिटार

नमस्कार श्रोतेहो.

आज ब्रायन मे. क्वीन या इंग्लंडमधल्या रॉक बँडचा गिटारवादक. क्वीन म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं फ्रेडी मर्क्युरीचं, आणि ते साहजिकच आहे. झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा, फारोख बल्सारा, शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. पहिला बँड त्याने तिथेच काढला. पुढच्या वेळी स्ट्रॉबेरी खायला पाचगणीला जाल, तेव्हा त्या शाळेवरून जाताना त्याची आठवण काढा. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. आज बोलायचंय ते त्याच्यामागे उरलेल्यांविषयी, आणि त्यातही ब्रायनविषयी.

पण आधी त्याच्या गिटारची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

ऑगस्ट १९६३. लंडनच्या पश्चिमेचं फेल्टम हे उपनगर. ब्रायन सोळा वर्षांचा. दुकानातली चांगली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. बापलेकांनी ठरवलं, आपणच करू. घरातल्या एका खोलीत, हातातल्या साध्या हत्यारांनी.

गिटारची मान, म्हणजे जिच्यावर डाव्या हाताची बोटं चालतात ती, निघाली शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून. फळी शंभरेक वर्षांची, किडीने पोखरलेली. त्याने त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि वरून घासून सपाट केल्या. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर थरथरवायची दांडी सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळईची, आणि तिच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक, आणि आत मुद्दाम ठेवलेले पोकळ कप्पे, स्पीकरच्या आवाजाला गिटारने उलट साद घालावी म्हणून. दोन वर्षं लागली. आणि खर्च? आठ पौंड. परत सांगतो, आठ पौंड.

तार छेडायला प्लास्टिकची छोटी चकती, म्हणजे पिक, वापरतात. तिच्याऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. प्लास्टिक वाकतं, नाणं वाकत नाही. तार कशी सुटली ते थेट बोटाला कळतं, आणि नाण्याच्या कडेवरचे दाते तारेला घासले की सुराच्या सुरुवातीलाच एक बारीक खर्रर्र येते. कान देऊन ऐका, सापडेल.

इथे मला एक बोलायचंय. आपल्या गल्ल्यांमधली रेडिओ दुरुस्तीची दुकानं गेली. टेबलावर उघडा पडलेला रेडिओ, कानामागे पेन्सिल, सोल्डरिंगचा तो वास. बंद पडलेली वस्तू आता आपण उघडतच नाही, सरळ भंगारवाल्याला देतो. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर जुना मिक्सर देण्याआधी एकदा त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. मोडेना का. मोडलेलाच आहे तो.

असो. तर गिटार करायला घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६४ ला, फ्रेडीचं बल्सारा कुटुंब झांझिबारहून इंग्लंडला आलं, आणि राहायला कुठे? त्याच फेल्टममध्ये, मे कुटुंबाच्या घरापासून अगदी जवळ. दोन्ही मुलांना एकमेकांचा पत्ता नव्हता!

ब्रायन इम्पीरियल कॉलेजात खगोलशास्त्राची डॉक्टरेट करत होता. १९७४ च्या सुमारास ती अर्धवट सोडून तो बँडच्या मागे गेला. वडील दुखावले. ज्यांनी हाताने गिटार करून दिली, त्यांनाच तिच्यापायी मुलाचं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटलं. घरात बराच काळ अबोला. हॅरोल्ड यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या यंत्रणेवर काम केलं होतं, पण त्यात बसले कधीच नव्हते. पुढे मुलाने आईवडिलांना त्याच कॉन्कॉर्डमधून न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमाला. कार्यक्रमानंतर वडील म्हणाले, आता कळलं मला.

आणि आता ३ जून २००२. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून बकिंगहॅम राजवाड्यात संगीताचा कार्यक्रम. खाली बागेत बारा हजार माणसं, पूर्ण वाद्यवृंद, टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर, बँडचा ड्रमर रॉजर टेलर. आणि राजवाड्याच्या गच्चीवर, अगदी कडेला, ब्रायन. लांब कोट, वाऱ्यावर उडणारे कुरळे केस. राष्ट्रगीत वाजवायचं होतं, थेट प्रक्षेपणात, चुकलं तर जगासमोर. प्रचंड भीती वाटत होती, असं त्याने नंतर सांगितलंय. हातात कुठली गिटार? तीच. शेकोटीच्या फळीची, काडेपेटीच्या काड्यांची, आठ पौंडांची. वडील ते बघायला नव्हते. मी ते चित्रण जेव्हा जेव्हा बघतो, तेव्हा राजवाड्याकडे लक्षच जात नाही. मी त्या मानेवरची बटणं शोधत असतो.

त्या आधी आणि नंतर बँडचं काय झालं, ते थोडक्यात सांगतो. बासवादक जॉन डीकन १९९७ नंतर बाजूला झाला, पुन्हा मंचावर आला नाही. ब्रायन आणि रॉजर दोघेच उरले. आधी पॉल रॉजर्स काही वर्षं त्यांच्याबरोबर गायला, २००९ पर्यंत. मग अॅडम लॅम्बर्ट आला आणि टिकला. फ्रेडीची नक्कल करणारा गायक त्यांनी आणला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय नाव लावताना दरवेळी क्वीन आणि लॅम्बर्ट असं वेगवेगळं लावतात. फ्रेडीची जागा कुणाला दिलेली नाही.

डॉक्टरेटही त्याने पुरी केली बरं का. साठीला टेकल्यावर, २००७ मध्ये. विषय तोच, सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीचा. तीसपेक्षा जास्त वर्षं पडून राहिलेल्या नोंदी काढल्या, मधल्या काळातलं संशोधन वाचलं आणि प्रबंध सादर केला. पुढे नासाचं यान बेन्नू या लघुग्रहावर उतरायचं होतं, तेव्हा तिथले चढउतार डोळ्यांना दिसतील अशी जोडचित्रं करून सुरक्षित जागा निवडायला त्याने मदत केली. २०२३ मध्ये सर झाला.

मे २०२० मध्ये हृदयविकाराचा झटका आला. आणि २०२४ मध्ये सौम्य पक्षाघात. डावा हात एकाएकी ऐकेना. श्रोतेहो, डावा हात. मानेवर चालणारा. थोड्या दिवसांनी त्याने चाहत्यांना स्वतः ही बातमी दिली आणि त्यातच सांगितलं, मी गिटार वाजवू शकतोय.

आता लावतोय ते राष्ट्रगीत, क्वीनच्या १९७५ च्या अल्बमच्या शेवटी असलेलं. अनेक गिटारी ऐकू येतील. गिटार एकच आहे. त्याने तिच्यावरच एकावर एक सूर चढवलेत. सुरुवातीला नाण्याची ती खर्रर्र येते का, बघा.